तायाबाक (जेड वेल)

फिलिपीन्सच्या लुझॉन, मिंडोरो व कातांदुआनेस या बेटांवरील डोंगराळ वर्षावनांत, ओढ्याकाठी वा दमट घळींत वाढणारी आणि त्या मुलखाच्या हद्दीबाहेर निसर्गतः कोठेही न आढळणारी ही काष्ठमय महालता शिंबावंत कुलातील असून, त्या नात्याने आपल्या पांगाऱ्याची आप्त ठरते. तिचे शास्त्रीय वर्णन अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी 1854 मध्ये केले. तिच्या मंजऱ्या कधीकधी 3 मीटरपर्यंत लोंबतात. त्यांतील प्रत्येक फूल राघूच्या चोचीसारखे वक्र व अणकुचीदार असते, आणि त्याचा तो निळसर हिरवा वर्ण, जो वनस्पतिसृष्टीत खरोखरच विरळा होय, माल्विन व सॅपोनारिन ही द्रव्ये बाह्यत्वचेतील पेशींच्या किंचित अल्कधर्मी रसात एकत्र आल्याने सिद्ध होतो. रात्री वटवाघळे मंजरीस उलटी लटकून मधुरस पितात, तेव्हा परागकण त्यांच्या मस्तकास चिकटून दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचतात. परदेशी काचगृहांत हे वाहक नसल्यामुळे परागण हातानेच करावे लागते. मूळ अरण्ये तुटत चालल्याने ही वेल आज संकटग्रस्त आहे, आणि केवळ उद्यानांतील लागवडीने तिचे खरे रक्षण झाले असे मानता येत नाही.