‘ब्रेक आउट’ आणि आमचा इतिहास

तारळी जेथें कृष्णेस मिळते त्या उंब्रज गांवीं मीं बरींच वर्षें इतिहास आणि इंग्रजी हे दोन विषय शिकविले. इतिहासांत मुलें सन विसरत, इंग्रजींत क्रियापदाशीं अडत. त्यांपैकीं ‘ब्रेक आउट’ या क्रियापदानें मात्र मुलांपेक्षां मास्तरासच अधिक शिकविलें.

‘ब्रेक’ म्हणजे मोडणें, ‘आउट’ म्हणजे बाहेर. दोन्ही शब्द मुलांच्या ओळखीचे. पण एकत्र आले कीं ते ओळख देत नाहींत. आग ‘ब्रेक आउट’ होते तेव्हां ती लागते. साथ उद्भवते, युद्ध पेटतें, अंगावर पुरळ उठतें आणि कपाळास घाम फुटतो. (घामापुरती आमची व इंग्रजांची सोयरीक जुळली म्हणावयाची!) क्रियापदास असें शेपूट लागून जो अर्थ पालटतो तो परकीयांस फार कठीण जातो, हें डॉक्टर जॉन्सननें १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंतच मान्य केलें आहे.

इंग्रजी इतिहासांत १८५७ चें बंड ‘ब्रेक आउट’ होतें आणि १८९६ चा मुंबईंतील प्लेगही ‘ब्रेक आउट’ होतो. मी दोहोंसही ‘उद्भवणें’ हाच शब्द सांगत असें. एके दिवशीं मागल्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, प्लेग उंदरांमुळं पसरला, मग बंड कुणामुळं?”

मी निरुत्तर झालों. साताऱ्यास रंगो बापूजींनीं कट रचला होता. तो फुटला आणि सप्टेंबर १८५७ मध्यें गेंडामाळावर १७ जणांस देहान्त शासन झालें. बंड ‘उद्भवलें’ म्हणतांच हे सतराही जण वाक्यांतून नाहींसे होतात.

याच क्रियापदाचा आणखी एक अर्थ आहे : बंदिवास फोडून निसटणें. तेथें कर्ता लपवितां येत नाहीं. २४ जुलै १९४३ रोजीं वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी सांगलीच्या तुरुंगांतून बाहेर पडले. अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव प्राणांस मुकले. वसंतदादा गोळीनें जखमी झाले. आमच्या भागांत ‘तुरुंग फुटला’ असें कोणी म्हणत नाहीं, ‘फोडला’ म्हणतात. इंग्रजीस दोहोंकरितां एकच ‘ब्रेक’ पुरतो. मराठींत फुटणें वेगळें, फोडणें वेगळें.

त्या दिवसानंतर निवृत्त होईपर्यंत ‘बंड उद्भवलें’ या उत्तरास मीं अर्धेच गुण दिले.