परवल आणि किल्ली : जतन केलेल्या पासवर्डाविषयी काही विचार

'पासवर्ड' या इंग्रजी शब्दासाठी मराठीत 'परवलीचा शब्द' हा प्रतिशब्द रूढ करण्याचा प्रयत्न बरीच वर्षे चालू आहे. मराठी विकिपीडियासारख्या ठिकाणी तो स्थिरावलाही आहे. बोलण्यात मात्र सर्वत्र 'पासवर्ड'च चालतो. प्रतिशब्द घरंदाज आहे यात संशय नाही. परंतु ब्राउझरमध्ये साठवून ठेवलेल्या आणि रकान्यात आपोआप भरल्या जाणाऱ्या पासवर्डाला तो लागू पडतो काय, हा प्रश्न केवळ शब्दकोशकारांचा नाही. नाव चुकले की वस्तूविषयीची समजूतही चुकते, आणि या प्रकरणात त्या चुकीची किंमत सामान्य माणसाला मोजावी लागते.

'परवल' हे मूळचे स्त्रीलिंगी नाम. 'परवलीचा' हे त्याचे षष्ठीचे रूप. लष्करी छावणीत रात्रीच्या पहाऱ्यावर आपला माणूस व परका माणूस यांतला भेद ओळखण्यासाठी ठरविलेला शब्द तो परवल. या शब्दाची तीन लक्षणे सांगता येतात. तो एकट्यादुकट्याचा नसून साऱ्या तुकडीचा असतो. तो अल्प मुदतीचा असतो. आणि तो तोंडी असतो, म्हणजे माणसाच्या स्मरणात राहतो. तिसऱ्या लक्षणाला अपवाद आहे, आणि तो फार जुना आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने रोमन छावणीचे जे वर्णन केले आहे, त्यात रात्रीचा संकेतशब्द लाकडी पाटीवर लिहून तुकड्यातुकड्यांतून फिरविला जाई आणि अंधार पडण्यापूर्वी पाट्या अधिकाऱ्याकडे परत येत. एखादी पाटी आली नाही तर ती कोठे अडली हे खुणेवरून लगेच कळे. शब्द लिहून ठेवला की तो कोणाच्या हाती आहे याचा हिशेब ठेवावा लागतो, हे त्या छावणीला उमगले होते.

अर्थविस्ताराची एक गंमतही येथे नोंदविण्याजोगी आहे. आजच्या मराठीत 'अमुक हा परवलीचा शब्द झाला आहे' असे म्हटले जाते तेव्हा तो शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी झाला आहे, असा अर्थ असतो. जो मोजक्यांनाच ठाऊक असावा तो शब्द सर्वांच्या जिभेवर आला! 'नाव, मग ॲटचे चिन्ह, मग १२३' या साच्यातले असंख्य पासवर्ड पाहिले असता हा दुसरा अर्थच त्यांना अधिक शोभतो, असे म्हणावे लागते.

ब्राउझरमधील साठवणीला जवळची उपमा शोधावयाची तर ती परवलीत नव्हे, किल्लीत सापडते. त्यासाठी औशाकडे वळणे उपयुक्त ठरेल. लातूरच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या या तालुक्याच्या गावी बहमनी काळापासून प्रसिद्ध असा भुईकोट किल्ला आहे. भोवती खंदक, आत तटबंदी. इ. स. १६३६ मध्ये तो मोगलांनी घेतला आणि पुढे १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे राहिला. डोंगरी किल्ल्याला कड्याचा आधार असतो. भुईकोटाची सारी भिस्त खंदक, तट, दरवाजा आणि दरवाजाच्या कुलपावर. 'कुलूप' हा शब्दच या इतिहासाचा साक्षी आहे. अरबी 'कुफ्ल' मधील फ आणि ल यांची जागा बदलून, म्हणजे वर्णविपर्ययाने, तो मराठीत आला. 'किल्ली' देशी, 'चावी' पोर्तुगीज 'शावे' या शब्दावरून आलेली. कुलूप एका भाषेतले, चावी दुसऱ्या भाषेतली, आणि दोन्ही बिनतक्रार एकमेकांत बसतात.

किल्ली कोणाजवळ असावी याविषयी जुन्या गडव्यवस्थेत काटेकोर विचार होता. औसा शिवाजी महाराजांच्या राज्यात नव्हता. परंतु त्या राज्यातील व्यवस्था सभासदाच्या बखरीमुळे उत्तम ज्ञात आहे, म्हणून तिचा दाखला घ्यावयाचा. गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे तीन अधिकारी असत, आणि एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये अशा रीतीने कारभार वाटलेला असे. दरवाजे सायंकाळी लावणे, सकाळी उघडणे आणि किल्ल्या स्वतःच्या ताब्यात ठेवणे हे काम हवालदाराचे. देवडीवरच्या पहारेकऱ्याचे काम निराळे : आलेला शब्द बरोबर आहे की नाही, एवढेच त्याने पाहावयाचे.

पहारेकरी व किल्ल्या सांभाळणारा यांतला हा भेद संगणकाच्या इतिहासात जसाच्या तसा पुढे आला. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत उभी राहिली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. सर्व पासवर्ड एका फायलीत, उघड्या अक्षरांत होते. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधकाने यंत्रावर अधिक वेळ मिळावा म्हणून ती संपूर्ण फाइलच छापून घेतली. १९६६ मध्ये तर एका चुकीमुळे, दिवसाच्या सूचनेऐवजी ती यादीच प्रत्येकाच्या पुढ्यात आली. यातून पुढे निघालेला उपाय रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्पसन यांनी १९७९ च्या निबंधात विवरिला आहे : यंत्राने मूळ शब्द ठेवूच नये, त्याचे परत न उलगडणारे रूपांतर तेवढे ठेवावे आणि आलेल्या शब्दाचे तसेच रूपांतर करून दोन्ही ताडून पाहावेत. पहारेकऱ्याला शब्द ठाऊक असण्याची गरज उरली नाही.

ब्राउझरला मात्र ही युक्ती वापरता येत नाही. १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीने अर्जातील मजकूर व पासवर्ड लक्षात ठेवण्याची सोय दिली. फायरफॉक्स व क्रोम यांनी ती पुढे सर्वपरिचित केली. रकान्यात मूळ शब्दच भरावयाचा असल्यामुळे तो परत उलगडता येईल अशा स्वरूपात ठेवावा लागतो. ब्राउझर हा पहारेकरी नव्हे. तो किल्ल्या सांभाळणारा हवालदार आहे. विंडोजवर क्रोमने साठवणीचे कुलूप वापरकर्त्याच्या विंडोज-खात्याशी जोडले. फायरफॉक्समध्ये साऱ्या जुडग्यावर एक मुख्य पासवर्ड लावता येतो, पण तो ऐच्छिक आहे. २०१३ मध्ये क्रोममधील साठवलेले पासवर्ड खुल्या संगणकासमोर बसलेल्या कोणालाही वाचता येतात यावरून मोठा वाद झाला. बाहेरचा दरवाजा उघडा असेल तर आतल्या कुलपाला अर्थ नाही, ही ब्राउझर करणाऱ्यांची बाजू. तर्क बरोबर होता, परंतु सामान्य घरातला संगणक दिवसभर उघडाच असतो हे त्यात धरले नव्हते. पुढे पासवर्ड दाखविण्यापूर्वी संगणकाचा स्वतःचा पासवर्ड विचारला जाऊ लागला.

हा हवालदार माणूस ओळखत नाही, जागा ओळखतो. संकेतस्थळाचा पत्ता तोच आहे काय आणि पानावर पासवर्डाचा रकाना कोठे आहे, एवढेच तो पाहतो. त्याच्या आधीचा रकाना नावाचा असावा असा अंदाज बांधतो. आपोआप भरण्यातील बहुतेक बिघाड येथूनच निघतात. पत्ता बदलला तर जुनी नोंद सापडत नाही. नाव एका पानावर व पासवर्ड दुसऱ्यावर मागितला तर अंदाज चुकतो. नवा पासवर्ड ठरविण्याच्या रकान्यात जुनाच येऊन बसतो. पान रचणाऱ्याने हा नावाचा, हा चालू पासवर्डाचा, हा नव्याचा अशा खुणा दिल्या तर अंदाजाची गरज पडत नाही. तशा खुणांची प्रमाणित पद्धत उपलब्ध आहे. पण कित्येक संकेतस्थळांनी सुरक्षेच्या नावाखाली 'भरू नका' अशीच सूचना लिहिली. २०१४ च्या सुमारास प्रमुख ब्राउझरांनी पासवर्डापुरती ती जुमानणे सोडले, कारण भरू न दिल्यास माणसे सोपे शब्द निवडतात.

औशासारख्या गावात या गोष्टीला वेगळेच वजन येते. शिष्यवृत्ती, पीकविमा, जमिनीचे उतारे, अनुदान यांचे अर्ज भरण्यासाठी येथील पुष्कळ माणसे सेवा केंद्रावर जातात. तेथे संगणक एक, ब्राउझर एक, आणि माणसे दिवसाला अनेक. जागा ओळखणाऱ्या हवालदारासमोर एकाच दाराने दहा घरांची माणसे येतात. तो आधीच्या माणसाची किल्ली पुढच्याच्या हाती ठेवतो. विद्यार्थ्याने पासवर्ड मोबाइलवर बदलला असेल तर केंद्रावरील संगणक जुनाच भरत राहतो, दोनतीनदा नकार येतो आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी खाते बंद पडते. दोष माणसाच्या विसराळूपणावर लादला जातो. वस्तुतः यंत्र नको ते विसरलेले नसते. उपाय अवघड नाहीत. ग्राहकाचे काम पाहुण्याच्या वा खाजगी खिडकीत करावे, म्हणजे खिडकी बंद होताच तिची आठवण पुसली जाते. ब्राउझरने 'जतन करू काय' असे विचारल्यास नकार द्यावा. पूर्वी साचलेल्या नोंदी सेटिंगमधील पासवर्डांच्या यादीतून काढून टाकाव्यात. स्वतःच्या संगणकावर मात्र शिळी नोंद खोडून नवी जतन करणे हेच योग्य.

देवनागरीत पासवर्ड ठेवू पाहणाऱ्याची अडचण आणखी निराळी. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध लिहिता येते, तसेच र व नुक्ता मिळूनही लिहिता येते. डोळ्यांना फरक नाही, पण मजकूर समरूप करून न घेणाऱ्या यंत्राला ते दोन भिन्न शब्द वाटतात. त्यात पासवर्डाच्या रकान्यात ठिपकेच दिसत असल्याने जोडाक्षर कसे उमटले हे कळावयास मार्ग नसतो. मराठी माणसाचा पासवर्ड रोमन लिपीतच राहिला, याला असे व्यावहारिक कारणही आहे.

२०२२ पासून मोठ्या कंपन्यांनी 'पासकी' नावाची व्यवस्था पुढे आणली आहे. तीत शब्दच नाही : गुप्त किल्ली वापरणाऱ्याच्या ताब्यातील उपकरणात किंवा त्याच्या खात्यातील पेटीत राहते, आणि संकेतस्थळाला केवळ ती पडताळण्याचे साधन मिळते. नव्या नावात किल्ली उघडपणे आली आहे. 'परवलीची किल्ली' असा प्रतिशब्द कोणी सुचविण्यापूर्वी एवढे पाहावे की परवल सांगितली जाते, किल्ली बाळगली जाते. आणि औशाच्या केंद्रावर जाणाऱ्या ज्या शेतकऱ्याजवळ स्वतःचा स्मार्टफोन नाही, त्याची किल्ली कोण बाळगणार, हे अद्याप ठरावयाचे आहे.