तोरणा-राजगड : धावपटूंचा कस पाहणारी डोंगरधार

पुणे जिल्ह्यातील तोरणा आणि राजगड हे दोन दुर्ग एका डोंगरधारेने जोडलेले आहेत. गिर्यारोहकांच्या परिचयाची ही पायवाट डोंगरी धावपटूंनाही साद घालते.

वेल्हे गावातून निघालेली चढण बिनी दरवाजातून १,४०३ मीटर उंचीच्या तोरण्यावर पोहोचते. खरी परीक्षा मात्र त्यानंतर सुरू होते. बुधला माचीवरून उतरताना कातळ आणि घसारा लागतो. येथे वेगाचा मोह आवरून प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागते. पुढील धारेवर सावली तुरळक आणि पाण्याची शाश्वती नाही. त्यामुळे पुरेसे पाणी सोबत असणे अत्यावश्यक ठरते. पावसाळ्यात निसरडी वाट व धुके, तर उन्हाळ्यात तापलेला कातळ. म्हणून हिवाळाच सोयीचा.

वाटेत एका खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. दमछाक झालेल्यांनी माघारीचा निर्णय येथेच घ्यावा. कारण पुढे राजगडाच्या संजीवनी माचीची चढण उभी ठाकते. अळू दरवाजातून गडावर प्रवेश होतो. पद्मावती माचीवरून चोर दरवाजामार्गे गुंजवणे गावात उतरता येते. ही उतरणही तीव्र असल्याने पायथा गाठेपर्यंत सावधगिरी सोडून चालत नाही.