सव्वा कोटींचा प्रश्न

लोकसभेच्या कामकाजाचे जुने छापील वृत्तांत वाचताना प्रथम कंटाळाच येतो. प्रश्न, उत्तर, उपप्रश्न, पुन्हा उत्तर. साखर, सिमेंट, रेल्वेचे डबे, कुठल्याशा गावचे टपाल कार्यालय. चार-सहा दिवसांचे कामकाज वाचले, की मात्र त्या रुक्ष मजकुराची लय सापडते आणि एखाद्या साध्या प्रश्नामागे दडलेली ठिणगी दिसू लागते. 1957 सालच्या वृत्तांतांत अशी एक ठिणगी आहे. इतिहासात ती ‘मुंदडा प्रकरण’ म्हणून ओळखली जाते. या प्रकरणातले गाजलेले भाषण अनेकांना ठाऊक असते. मला महत्त्वाचे वाटतात ते त्या भाषणाआधीचे प्रश्न.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. डिसेंबर 1955 मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत खासगी विमा कंपनीतल्या पैशांच्या गैरवापराचे प्रकरण मांडले. पुढच्याच महिन्यात, 19 जानेवारी 1956 रोजी, अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. 245 लहानमोठ्या संस्था एकत्र करून 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. तोवर मुंबईच्या प्रश्नावर देशमुख मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते आणि अर्थखाते टी. टी. कृष्णम्माचारींकडे आले. शाळामास्तर, कारकून, रेल्वेतला फिटर यांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेले हप्ते आता सरकारी छत्राखालच्या एकाच तिजोरीत जमा होऊ लागले.

पुरते वर्षही झाले नव्हते. जून 1957 मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग खरेदी केले. रिचर्डसन अँड क्रुडास, जेसप, ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन ही त्यांतली काही नावे. हे समभाग बाजारातून नव्हे, खुद्द मुंदडांशी सौदा करून घेतले होते. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला आधी विचारलेही गेले नव्हते.

सप्टेंबर 1957 मध्ये डॉ. रामसुभग सिंह आणि फिरोज गांधी यांच्या प्रश्नातून हा विषय प्रथम सभागृहात आला. मिळालेल्या उत्तराने फारसे काही उलगडले नाही. नोव्हेंबरअखेर पुन्हा प्रश्न आला. या वेळी उत्तर अधिक तपशिलाचे होते, पण समाधान करणारे नव्हते. मग 16 डिसेंबर 1957, सोमवार. त्या दिवशी फिरोज गांधी चर्चेला उभे राहिले ते कंपन्यांची नावे, समभागांचे भाव आणि तारखा घेऊन. त्यांच्या म्हणण्याचा गाभा साधा होता : बाजारभावापेक्षा चढ्या दराने, अडचणीत आलेल्या एका माणसाकडून, लोकांच्या पैशाने ही खरेदी कोणी आणि का केली?

ते भाषण एका दिवसात उभे राहिले नव्हते. सभागृहात मंत्र्याने दिलेले उत्तर ही छापील नोंद असते. ती पुढे बदलता येत नाही, फक्त तिच्याशी विसंगत काही सापडू शकते. सप्टेंबरचे उत्तर, नोव्हेंबरचे उत्तर आणि बाजारातले आकडे शेजारी शेजारी ठेवले, की फटी दिसू लागतात. प्रश्न विचारणाऱ्याचे खरे काम त्या फटींत बोट घालणे हेच असते. दुसरी गोष्ट अशी, की रामसुभग सिंह आणि फिरोज गांधी दोघेही सत्ताधारी काँग्रेसचे सदस्य होते. फिरोज गांधी तर पंतप्रधानांचे जावई. तरीही हा सरकारला अडचणीचा प्रश्न त्यांच्याच बाकांवरून आला.

पुढचा अंक मुंबईत घडला. जानेवारी 1958 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. सुनावणी उघड झाली. ऐकायला गर्दी इतकी लोटली, की आत जागा न मिळालेल्यांसाठी बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. फेब्रुवारीतच अहवाल आला. हा व्यवहार धंद्याच्या रीतीला धरून नव्हता, असे छागलांनी म्हटले. अर्थसचिव एच. एम. पटेल यांनी काय केले याची माहिती मंत्र्याला होती की नव्हती, हा वाद फार रंगला होता. छागलांचा निष्कर्ष असा, की आपल्या सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही. त्याच महिन्यात कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

आपल्याकडे प्रश्न विचारण्याचा हक्क काही एकदम मिळालेला नाही. 1892 च्या कायद्याने कायदे मंडळातल्या सदस्यांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, पण उत्तर आले की तिथेच थांबायचे. उपप्रश्न विचारता येत नसे. टिळक 1895 मध्ये मुंबईच्या कायदे मंडळात गेले ते याच चौकटीत. 1909 च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाचा हक्क दिला, आणि इतर सदस्यांना तो मिळायला आणखी दहा-बारा वर्षे जावी लागली. उत्तर ऐकून पुन्हा ‘का?’ म्हणण्याच्या एवढ्याशा सवलतीसाठी सतरा वर्षे! नाथ पै, मधू लिमये, मधू दंडवते ही आपली माणसे पुढे संसदेत गाजली, ती याच हक्काच्या बळावर.

मिळालेला हक्क काढूनही घेता येतो. जुलै 1975 च्या आणीबाणीतल्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास स्थगित झाला. 2020 च्या पावसाळी अधिवेशनात करोनाच्या कारणाने तो वगळला गेला आणि केवळ लेखी उत्तरे मिळाली. लेखी उत्तराला उपप्रश्न नसतो. म्हणजे त्यापुरते आपण 1892 मध्ये जाऊन बसलो.

आणखी एक नोंद इथे करायला हवी. संसदेत जे बोलले गेले, त्याची खरी बातमी द्वेषबुद्धी न ठेवता छापणाऱ्या वृत्तपत्रावर खटला होऊ नये, असा कायदा 1956 मध्ये झाला. तो खासगी विधेयक म्हणून आणला होता फिरोज गांधींनीच. 16 डिसेंबरचे भाषण देशभरच्या वृत्तपत्रांना निर्धास्तपणे छापता आले, त्यामागे हे संरक्षण होते. 1960 मध्ये फिरोज गांधी गेले. डिसेंबर 1975 मध्ये त्यांच्या पत्नी पंतप्रधान असताना वटहुकूम काढून हा कायदा रद्द करण्यात आला. 1977 मध्ये जनता सरकारने तो परत आणला, आणि पुढे 44 व्या घटनादुरुस्तीने या संरक्षणाला राज्यघटनेतच जागा दिली. सभागृहातला प्रश्न तिथल्या भिंतींत अडकून न राहता हप्ता भरणाऱ्या शाळामास्तरापर्यंत पोहोचतो, तो या वाटेने.