विक्रांतच्या पोटात

आज नौदलाची जुनी विमानवाहू नौका विक्रांत बघायची म्हणालात तर मुंबईत लायन गेटसमोरच्या चौकात जावं लागेल. तिथे शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी तिच्याच धातूतून घडवलेलं स्मारक २०१६ पासून उभं आहे. पाच मिनिटांत बघून होतं. तुम्ही एवढ्यावर भागवू नका. घाटकोपरला पुलाखाली उभे राहा आणि मागचं तिकीट काढा: २००६, डिसेंबर, नौदल सप्ताह.

खिशात कूपनांचं पुस्तक आहे. मशीनमध्ये सारलंत की खट्ट करून तारखेचा शिक्का. फास्ट लोकल नऊ डब्यांची, आणि सुट्टी असूनही दारात लोंबकळणारे आहेतच. शेजारच्या बाईंनी पोरांसाठी चटणी सँडविच बांधून घेतलंय आणि धाकट्याला आत्ताच भूक लागलीय. स्टेशनचं नाव बदलून दहा वर्षं झाली, तरी डब्यात सगळे व्हीटीच म्हणतायत.

गोदीच्या फाटकावर रांग, तपासणी, पुन्हा रांग. मग जहाजावर चढता आणि पहिल्यांदा नजर कुठे ठेवावी तेच कळत नाही. आत्ता आलात ती लोकल अख्खी या डेकवर मावेल आणि तरी पुढे जागा उरेल. १९४३ मध्ये इंग्लंडात टाइन नदीकाठी हिचा सांगाडा उभा राहायला लागला तेव्हा एवढंही खूप होतं. तिचं तेव्हाचं नाव हर्क्युलिस. महायुद्ध संपलं, काम अर्ध्यावर थांबलं, १९५७ मध्ये भारताने ती घेतली आणि बेलफास्टला पुरी करून घेतली. ४ मार्च १९६१ ला विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते ती नौदलात आली, आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला मुंबईत, तेव्हा स्वागताला नेहरू स्वतः हजर. हे सगळं आत फलकांवर लिहिलंय. लोक फलकांपुढे थांबत नाहीत, विमानांपुढे थांबतात. फोटो विमानांबरोबरच काढतात.

तुम्हाला मात्र काका भेटतात. निळा ब्लेझर, छातीवर पदकं, मुलुंडहून पहिल्या गाडीने आलेले. "वैमानिक होतात का?" या प्रश्नाची त्यांना सवय आहे. "नाही हो, स्टोकर. खालचा माणूस." आणि तुम्हाला दंडाला धरून डेकच्या पुढच्या टोकाला नेतात. तिथे जमीन वर चढत गेलीय.

"हा चढ आमच्या वेळी नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सी हॅरिअरसाठी बसवला. आमच्या वेळी इथे कॅटापुल्ट. वाफेवरचा. गोफणीतून दगड सुटावा तसं विमान सुटायचं. आणि वाफ कुणाची?" उत्तराची वाट न बघता ते स्वतःच्या छातीवर बोट ठेवतात.

चला म्हणतात. शिडी जवळजवळ उभी आहे. "तोंड शिडीकडे करून उतरा, पाठमोरे." एक शिडी, दुसरी, तिसरी. रंगाचा वास जातो, तेलाचा येतो. कुठेतरी कोणीतरी इंग्रजीत ओरडतं. शेवटच्या पायरीवर पाय टेकता तेव्हा खालची लोखंडी जाळी थरथरतेय आणि काकांचे केस काळे झालेत. बावीस वर्षांचे आहेत. बनियन घामाने अंगाला चिकटलाय. ४ डिसेंबर १९७१, बंगालचा उपसागर.

उकाड्याने तुमचा श्वास अडतो. चार बॉयलर आहेत, त्यातला एक तडकलेला. तो दुरुस्त व्हायला जहाज महिनोन्‌महिने अडकवून ठेवावं लागलं असतं आणि युद्ध तर दारात उभं होतं. विक्रांत या लढाईत उतरणार की नाही यावर वरिष्ठांत घोळ चालला तो यामुळेच. शेवटी वेग आवरता घेऊन तिला पूर्वेला आणलं. तिच्या मागावर निघालेली पाकिस्तानची पाणबुडी गाझी आदल्याच रात्री विशाखापट्टणमजवळ बुडालीय. इथे खाली हे कुणाला ठाऊक नाही. इथे सगळ्यांचे डोळे काचेवरच्या काट्यावर.

विमान सुटायला समोरून वारा लागतो. नसला, तर जहाजाने वेग घेऊन तो तयार करायचा. वेगाला वाफ, कॅटापुल्टलाही वाफ, आणि दोन्ही याच बॉयलरांतून. म्हणजे वर विमान जितकं अधीर, तितकं खाली या पोरांनी दाब सांभाळायचा, आणि तोही आजारी यंत्रावर. इतिहासाच्या पुस्तकात याला अर्धी ओळ मिळते.

धडाम्‌. सगळं जहाज हबकतं. काटा खाली झुकतो. एक झडप उघडली जाते, काटा सावकाश वर चढतो. पुन्हा धडाम्‌. काका बोटं मिटत मोजतायत. आठ सी हॉक विमानं कॉक्स बझारवर निघालीत. खाली कुणालाही विमान दिसत नाही, आकाश तर नाहीच. नुसते हादरे मोजायचे. मग बराच वेळ काही नाही, आणि नंतर डोक्यावरून वेगळाच आवाज. शेपटीचा आकडा आडव्या तारेत अडकला आणि विमान खेचून थांबलं. हेही मोजायचं. गेलेले आणि आलेले आकडे जुळेपर्यंत कोणी चहाचं नाव काढत नाही.

संध्याकाळी चितगाव. पुढच्या दिवसांत खुलना, मोंगला. या मोहिमेसाठी जहाजाला दोन महावीर चक्रं मिळाली, त्यातलं एक कप्तान स्वराज प्रकाश यांना. नौदल दिन मात्र याच रात्रीच्या कराचीवरच्या हल्ल्यासाठी पाळतात. तो दुसऱ्या समुद्रात झाला. काकांना हे अजून खटकतं, पण ते बोलून दाखवत नाहीत. त्या आठवड्यात घाटकोपरला त्यांची आई खिडक्यांना खाकी कागद चिकटवून, कंदिलाची वात बारीक करून बसली होती. बंगालच्या उपसागरात आपला मुलगा काय करतोय हे तिला पत्रातून कळलं, तेही नवीन वर्षात, आणि पत्रात लिहिलं होतं: "मी मजेत."

इथून पुढचं भराभर उरकू, कारण मला ते आवडत नाही. ३१ जानेवारी १९९७ ला विक्रांत निवृत्त. २००१ पासून संग्रहालय, ते २०१२ ला धोकादायक म्हणून बंद. २०१४ च्या जानेवारीत साठेक कोटींना विकली गेली. जनहित याचिका झाल्या, टिकल्या नाहीत. त्या वर्षी कुर्ल्याला गाडी बदलून हार्बरने रे रोडला उतरला असतात तर दारुखान्यात ती दिसली असती. २२ नोव्हेंबर २०१४ पासून तिथे कापणी सुरू. तळ गंजला होता, सांभाळायचा खर्च डोंगराएवढा, हे सगळं खरं मानू. पण विशाखापट्टणमने २००२ मध्ये कुरसुरा ही अख्खी पाणबुडी वाळूवर आणून ठेवली आणि लोक आजही तिकीट काढून आत शिरतात. मुंबईकडे पैसे नव्हते असं म्हणणाऱ्याने एकदा मुलुंडमधले फ्लॅटचे भाव बघावेत. काका दारुखान्याला गेले नाहीत. त्यांचा नातू गेला, आणि पुढे तिच्या पोलादाचा अंश असलेली बजाजची व्ही मोटारसायकल घेऊन आला. एलबीएस मार्गावरच्या खड्ड्यांत ती बरी चालते म्हणे.

आता या २०२२ ला, २ सप्टेंबर. मुलुंडला काकांच्या घरी टीव्ही चालू आहे. कोचीला नवी विक्रांत नौदलात येतेय, जुनीपेक्षा दुपटीहून मोठी, देशात बांधलेली. काका चष्मा पुसून पुढे सरकतात.

"बॉयलर किती हो हिला?"

तुम्ही सांगता की बॉयलर नाहीत, चार गॅस टर्बाइन आहेत.

"एकही नाही?" ते टीव्हीचा आवाज कमी करतात. "मग स्टोकरला काय काम देतात?"