सुभेदाराची सून आणि रांझ्याचा पाटील

कल्याणच्या शाळेत सुभेदाराच्या सुनेची गोष्ट सांगताना गुरुजी खिडकीतून दुर्गाडीकडे हात करीत. आम्हा झोपडपट्टीतल्या पोरांचीही छाती फुगे. राजा आपला आणि प्रसंगही आपल्याच गावचा!

पुढे मीच इतिहास शिकवू लागलो आणि आधार शोधायला बसलो. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, हे पक्के. सुनेच्या प्रसंगाला मात्र समकालीन कागदांचा आधार नाही. तो भेटतो उत्तरकालीन बखरींत. तेथून कीर्तनात, नाटकात नि व्याख्यानात. त्या बाईला बहुतेकांनी नावही दिलेले नाही. राष्ट्राची नीतिमत्ता सिद्ध करण्यापुरतीच ती दरबारात येते.

डोंबिवलीच्या अभ्यासवर्गात हे बोललो, तर आपलाच एक कार्यकर्ता उसळला. "म्हणजे महाराज मोठे नव्हते काय, सर?"

प्रश्न रास्त होता. मी १६४६ चे एक पत्र काढले. पुण्याजवळच्या रांझे गावचा मोकदम बाबाजी गुजर याने बदअमल केला, म्हणून त्याचे हातपाय तोडल्याचे हे पत्र. दंतकथेतला राजा परक्या सरदाराच्या घरंदाज सुनेला सन्मानाने परत धाडतो. कागदातला राजा गावच्या पाटलाला हात घालतो. गावकुसाबाहेरच्या बाईला यांतला कोणता राजा जवळचा वाटेल? आणि आमच्या इतिहासकारांनी पिढ्यान्‌पिढ्या मिरवला कोणता?

पण पत्र शेवटपर्यंत वाचायला हवे. बाबाजीची पाटीलकी जप्त झाली आणि दंडाचे होन भरून त्याच्याच गोतातल्या सोनजी गुजराकडे गेली. म्हणजे पाटील बदलला. वतन भावकीतच राहिले. त्या वतनाखाली राबणारी महारकीही राहिली. माझा आजा मुरबाड तालुक्यातला. पाटलाचा निरोप घेऊन तो अनवाणी तालुक्याला जाई, तो याच व्यवस्थेतून. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतन विधेयक मांडले. महार वतने कायद्याने संपायला १९५८ उजाडले. कोणत्या राज्याला 'आपले' म्हणावे, याचा विचार करताना हा तीनशे वर्षांचा हिशेब बाजूला कसा ठेवायचा?

जोतीरावांनी १८६९ मध्ये पोवाडा रचून शिवाजीला कुळवाड्यांचा राजा म्हणून मांडले. दादोजी-रामदासांच्या छायेतला राजा त्यांनी शेतात आणून उभा केला. ते काम मोठेच. पण जोतीरावांचे नाव घेणारे आपले वक्तेही सुनेची गोष्ट टाळ्यांसाठी सांगतात, हे मी ठाण्याच्या सभांतून कितीदा ऐकले आहे. (पूर्वी मीही सांगत असे.) दुसऱ्यांच्या दंतकथा तपासायच्या आणि आपल्याला सोयीच्या तेवढ्या ठेवायच्या, असे चालणार नाही.

वर्ग सुटल्यावर त्या कार्यकर्त्याने पत्राची नक्कल मागून घेतली. १४ एप्रिलच्या भाषणात त्याने सून वगळली आणि रांझ्याचा पाटील सांगितला. सोनजीचे नाव मात्र घेतले नाही. त्यावरून आमचा वाद अजून चालू आहे.