गेम इंजिन कुणाच्या मालकीचं?

गेम इंजिनांची तुलना निघाली की चर्चा चित्रांवर जाते. कुणाची सावली खरी वाटते, कुणाचं पाणी. इतिहास पाहिला तर मोठा फरक करारात सापडतो.

डिसेंबर १९९३मध्ये अमेरिकेतील इड सॉफ्टवेअरने ‘डूम’ आणला. जॉन कारमॅक यांनी त्यात नकाशे, चित्रं आणि आवाज एका फाइलीत ठेवले व ते चालवणारी यंत्रणा वेगळी ठेवली. ही यंत्रणा मग इतरांनाही वापरता येऊ लागली. पुढच्याच वर्षी रेव्हन सॉफ्टवेअरने तिच्यावर ‘हेरेटिक’ उभा केला. इंजिन ही विकाऊ वस्तू झाली. १९९७मध्ये मात्र इडने डूमचा कोडच खुला केला, हे विशेष.

१९९८ला एपिकचं अनरील आलं. त्याचा आजचा करार आपल्याकडच्या बटईसारखा आहे. गेम करायला इंजिन फुकट. एका गेमची कमाई १० लाख डॉलरपुढे गेली की वरच्या रकमेत साधारण ५ टक्के वाटा. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये आणलेला ‘राजी’ याच इंजिनवरचा.

युनिटी जन्मलं अपयशातून. कोपनहेगनमधील तिघा तरुणांचा ‘गूबॉल’ चालला नाही, पण त्यासाठी घडवलेलं हत्यार त्यांनी २००५मध्ये बाजारात आणलं. ठरलेली फी भरा, कमाईत वाटा नाही. छोट्या गटांना हे परवडलं, मोबाइलच्या काळात तर फारच. आणि १२ सप्टेंबर २०२३ला कंपनीने जाहीर केलं की, ठरावीक कमाई व संख्या ओलांडलेल्या गेमच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे पैसे द्यावे लागतील, कमाल २० सेंट. आधीच बाजारात असलेले गेमही त्यात धरले होते! म्हणजे पीक उभं राहिल्यावर खंडाची अट बदलली. निर्माते खवळले. दहा दिवसांत अटी सैल झाल्या, ऑक्टोबरमध्ये कंपनीचे प्रमुख जॉन रिकिटेलो पायउतार झाले आणि सप्टेंबर २०२४मध्ये ती फी रद्दच झाली. पण भरवसा एकदा गेला होता.

त्याचा लाभ गोदोला झाला. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झूर यांचं हे इंजिन २०१४पासून खुलं आहे. नाव बेकेटच्या नाटकावरून घेतलेलं. फी नाही, वाटा नाही, आणि हातातली आवृत्ती कुणी परत मागू शकत नाही. भव्य त्रिमितीय दृश्यांत ते अनरीलच्या मागे आहे. प्लेस्टेशनसारख्या यंत्रांवर गेम न्यायचा तर बाहेरची मदत लागते, कारण त्या कंपन्यांचे गोपनीय करार खुल्या कोडात बसत नाहीत. तरीही ‘स्ले द स्पायर’ करणाऱ्या मेगा क्रिटने पुढच्या भागाचं युनिटीवर सुरू असलेलं काम उचललं आणि गोदोवर नेलं.